अ‍ॅड्रिनल ग्रंथी खरंच ‘थकते’ का?

संत्र्याचा रस, नारळपाणी आणि चिमूटभर मीठ. समाजमाध्यमांवर या मिश्रणाला ‘अ‍ॅड्रिनल कॉकटेल’ म्हणतात. सततच्या ताणाने अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकते आणि या पेयाने ती पुन्हा कामाला लागते, असा दावा केला जातो. थकव्याची तक्रार घेऊन येणारे काही रुग्ण हल्ली हे निदान मोबाइलवरूनच करून येतात.

दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या या ग्रंथी जेमतेम चार-पाच ग्रॅमच्या असतात. कॉर्टिसॉल त्याच बनवतात. त्यांना मुख्य आदेश येतो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून, एसीटीएच या संप्रेरकातून. पण तेवढंच नाही. मज्जातंतू थेट ग्रंथीत शिरतात आणि त्यांच्या टोकांतून व्हीआयपी, एनपीवाय यांसारखी पेप्टाइड्स, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, बाहेर पडतात. ग्रंथीच्या कामावर आणि पेशींच्या वाढीवर त्यांचाही परिणाम होतो. उंदराची एक अ‍ॅड्रिनल काढली की दुसरी वाढू लागते. ही वाढ मज्जातंतूंच्या संदेशांमुळे होते, असं मेरी डॉलमन आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली मांडलं. हे बहुतेक प्रयोग प्राण्यांवरचे आहेत, हे खरं. तरी एक गोष्ट त्यांतून नक्की दिसते: जास्त काम पडलं की ही ग्रंथी वाढते. लांबलेल्या ताणातही ती मोठी होते, रिकामी होत नाही.

ब्राझीलच्या दोन संशोधकांनी २०१६ मध्ये ५८ अभ्यास तपासले. ‘अ‍ॅड्रिनल थकवा’ नावाच्या आजाराला त्यांना आधार सापडला नाही. तुमचा थकवा मात्र खरा असतो. म्हणून आधी हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि साखर तपासा. झोप आणि मनाची उदासी याबद्दलही डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला.

ही ग्रंथी खरोखर निष्क्रिय होते ती वेगळ्याच कारणाने. सांधेदुखी किंवा दम्यासाठी महिनोन्‌महिने स्टेरॉईडच्या गोळ्या घेतल्या, की एसीटीएच कमी होतं आणि ग्रंथी आकसते. (दुखण्यावरच्या ‘देशी’ पुड्यांतही कधी कधी स्टेरॉईड मिसळलेलं असतं.) अ‍ॅडिसन्स आजारात ग्रंथीच निकामी होते. आपल्याकडे त्याचं एक कारण क्षयरोग आहे. वजन घटणं, उभं राहताच चक्कर, खारट खाण्याची ओढ, हिरड्या आणि तळहातांच्या रेषा काळवंडणं, अशी लक्षणं असतील तर सकाळी आठच्या सुमारास रक्तातलं कॉर्टिसॉल तपासावं लागतं.

अ‍ॅडिसन्समध्ये रक्तातलं पोटॅशियम अनेकदा आधीच वाढलेलं असतं आणि नारळपाणी, संत्र्याच्या रसात तेच भरपूर असतं. मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या सुरू असतील तरीही हा धोका आहे. मधुमेह असेल तर रसातली साखरही मोजावी लागते.

स्टेरॉईड बरेच दिवस चालू असेल तर ते अचानक थांबवू नका. अशा माणसाला ताप आला, उलट्या सुरू झाल्या किंवा ग्लानी आली, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या आणि दारातच सांगा की हे स्टेरॉईड घेतात.