ताईच्या खांद्यावर किती ठेवाल?

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि घरातल्यांनी महिनाभर कीबोर्डला हात लावू दिला नाही. आता छान दिसतंय. इतकं छान, की आजवर बघून न बघितल्यासारखं केलेलंही दिसायला लागलंय! त्यातलंच एक आज लिहिते. थोडं रागाने लिहितेय, सांभाळून घ्या.

ऑपरेशनसाठी पुण्याला लेकाकडे होते. धाकट्या नातीच्या खोलीत माझी खाट. नात एम.एस.डब्ल्यू.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका रात्री पावणेबाराला तिचा फोन वाजला. पलीकडे पहिल्या वर्षातली एक मुलगी, वसतिगृहातून. बीडकडची, ऊसतोड करणाऱ्या घरातली, घराण्यातली पहिली पदवीधर. नातीला ती 'ताई' म्हणते. कॉलेजने प्रत्येक नव्या विद्यार्थ्यामागे वरच्या वर्गातला एक 'मेंटॉर' नेमून दिलाय, आणि या मुलीची मेंटॉर आमची नात.

झालं होतं असं. आठवड्यातले दोन दिवस या मुलांचं क्षेत्रकार्य असतं, म्हणजे वस्तीत, दवाखान्यात, शाळेत जाऊन प्रत्यक्ष काम. तसं ही मुलगी वस्तीत गेली होती. तिथे एक बाई बोलता बोलता म्हणाली, "आता सगळ्यातनं सुटायचंय मला." मुलीने मान डोलावली, दोन धीराचे शब्द सांगितले आणि बस पकडली. रात्री दिवसाचा अहवाल लिहायला बसली, तेच वाक्य कागदावर उतरवताना तिचा हात थांबला. बाई नक्की काय म्हणाली होती, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं.

आता हिने फोन कुणाला करायचा? ग्रुपवर सूचना होती, की अडचण आल्यास आधी आपल्या मेंटॉरशी बोलावे, सुपरवायझरना थेट फोन करू नयेत. म्हणून तिने ताईला केला. ताईचं वय तेवीस. ताईने सुपरवायझर मॅडमना दोनदा लावला, फोन बंद. (मॅडमना दोष देत नाही. तासिका तत्त्वावर आहेत, दोन कॉलेजं करतात, त्यांनाही झोप आहे.) शेवटी नातीने त्या वस्तीत संस्थेचं काम करणाऱ्या एका वयस्क कार्यकर्तीचा नंबर मिळवला. ती माउली रात्री उठून त्या बाईच्या दारात गेली. बाई जागीच होती. दोघी बोलत बसल्या. सव्वाच्या सुमारास "बरी आहे, मी इथंच झोपते" असा निरोप आला.

निभावलं. पण नात रात्रभर झोपली नाही. पहाटे मला म्हणाली, "आजी, ती बाई गेली असती तर कोणाला विचारलं असतं गं? मला, का तिला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, उत्तर नाही असं फारसं झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी खोदून खोदून विचारलं, तेव्हा कळलं की मेंटॉर म्हणजे नुसतं धीर देणं नव्हे. लहान भावंडांचे अहवाल आधी ताई-दादांनी तपासायचे. मराठी माध्यमातनं आलेल्यांचे अहवाल इंग्रजीत करून द्यायचे, कारण मॅडमना तसे बरे पडतात. हजेरी कोण चुकवतंय ते कळवायचं. आणि वर्षाअखेरीस एक प्रमाणपत्र. मानधन शून्य, शिकवणी शून्य. तुला मेंटॉर कसं व्हायचं हे कुणी शिकवलं का, असं विचारलं तर हसली. "अर्धा तास पीपीटी दाखवली."

याला मेंटॉरिंग म्हणायचं असेल तर म्हणा. आमच्या वेळी याला फुकट राबवून घेणं म्हणत.

माझा भाचा बंगळूरला कंपनीत आहे. तो म्हणाला, "मावशी, तू उगाच तापतेस. आमच्याकडेही असतं, याने लीडरशिप येते." अरे बाबा, तुमच्याकडे चुकलं तर प्रोग्रॅम बंद पडतो. इथे समोर माणूस आहे, त्याची बायको-पोरं आहेत. आणि तुमच्याकडे शिकवणाऱ्याला पगार असतो, हेही विसरू नकोस.

माझी एक जुनी मैत्रीण समाजकार्याच्या कॉलेजात शिकवून निवृत्त झाली. तिचं म्हणणं मात्र मला खोडता आलं नाही. ती म्हणाली, "पहिल्या वर्षाची मुलं आमच्यासमोर रडत नाहीत, मार्क आमच्या हातात असतात. ताईसमोर रडतात." हे अगदी खरं आहे. वस्तीत पहिल्या दिवशी कसं उभं राहायचं, लोकांपुढे लगेच वही काढायची नाही, कुणी चहा दिला तर नाही म्हणायचं नाही, मुलींनी लघवीला कुठे जायचं... हे शेवटचं कुठल्या प्राध्यापकाने वर्गात सांगितलंय? हे ताईच सांगू शकते. ते नकोच असं मी म्हणत नाही. माझं भांडण ताईशी नाहीच. ताईला पुढे करून स्वतः मागे सरणाऱ्यांशी आहे.

समाजकार्याचं शिक्षण हे काही पुस्तक पाठ करायचं शिक्षण नव्हे. आपल्याकडे १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं (आजचं देवनारचं टाटा इन्स्टिट्यूट ते हेच). क्लिफर्ड मॅन्शार्ट हे अमेरिकन गृहस्थ त्याचे पहिले संचालक. त्यांनी १९२६ पासूनच नागपाड्यात नेबरहूड हाऊस चालवलं होतं, म्हणजे आधी वस्ती आणि मग वर्ग. या शिक्षणात क्षेत्रकार्य जितकं महत्त्वाचं, तितकीच त्याच्यावरची देखरेख महत्त्वाची. विद्यार्थ्याने काय पाहिलं, काय बोलला, कुठे गडबडला, हे जाणत्या माणसासमोर दर आठवड्याला बसून उलगडायचं. देखरेखीची ही पद्धत समाजकार्याच्या पदवीहून जुनी आहे. लंडनला १८६९ साली चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी निघाली, तेव्हापासून गरिबांच्या घरी जाणाऱ्या हौशी स्वयंसेवकांच्या पाठीशी कुणीतरी जाणतं लागतं, हे लोकांना कळू लागलं. दीडशे वर्षांची ही शहाणीव आपण एका व्हॉट्सॲप सूचनेत गुंडाळून ठेवली.

आणखी एक गोष्ट. त्या बाईने आपलं दुःख त्या मुलीला सांगितलं, आमच्या नातीला नाही. अहवालात नाव असतं, घर असतं, नवऱ्याने काय केलं ते असतं. तो अहवाल सुपरवायझरने वाचला तर ते शिक्षण, कारण तिच्यावर जबाबदारी आहे, तिला जाब विचारता येतो. वर्गातल्या पोरीने वसतिगृहाच्या खाटेवर बसून व्याकरणासाठी वाचला तर ते काय? गुप्तता पाळा असं पहिल्या आठवड्यात शिकवायचं आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच वह्या हातोहात फिरवायच्या!

कुणीतरी म्हणेल, हा तर सरकारी नियम आहे. नियम आहे, मी नातीकडून वाचून घेतला. २००९ साली यूजीसीने रॅगिंग रोखण्यासाठी जे विनियम केले त्यात मेंटॉरिंग सेल आहे. नव्या सहा विद्यार्थ्यांमागे एक मेंटॉर, आणि अशा सहा मेंटॉरमागे वरच्या वर्षाचा एक. पण कशासाठी? नवखं मूल घाबरू नये, वरच्यांनी त्याला छळू नये म्हणून. आणि मेंटॉर कोण, तर आपणहून पुढे येणारे विद्यार्थी. त्यात अहवाल तपासा, भाषांतरं करा, मध्यरात्रीचे जीवघेणे फोन घ्या, असं कुठे आहे? भरलेल्या नाहीत त्या प्राध्यापकांच्या जागा या मुलांकडून भरून घ्या, असं तर नक्कीच नाही.

खरं दुखणं तेच आहे. राज्यात किती कॉलेजांत जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आहेत आणि तासिकेवर काम रेटलं जातंय, हे या घरातल्या तीन जणांना तरी स्वतःच्या अनुभवाने माहीत आहे. जागा भरायला पैसे लागतात, ताईला लागत नाहीत.

ही युक्ती काही नवी नाही. मद्रासला १७८९ नंतर अँड्र्यू बेल नावाचा पाद्री अनाथ मुलांच्या आश्रमात शिकवत होता. शिक्षक ऐकेनात, म्हणून त्याने मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवायला लावलं. अक्षरं रेतीत बोटाने गिरवायची. आपली धूळपाटीच! विलायतेत परत जाऊन त्याने १७९७ साली त्यावर पुस्तिका काढली. जोसेफ लँकेस्टरनेही लंडनमध्ये असंच चालवलं, आणि एकच मास्तर शेकडो मुलांना पुरतो म्हणून लोक खूश झाले. स्वस्त ना! पण पुढे १८४६ साली तिथल्या सरकारला वेगळी सोय करावी लागली. तेरा वर्षांची मुलं शिकाऊ शिक्षक म्हणून पाच वर्षं ठेवायची, तर त्यांना वर्षाला दहा ते वीस पौंड द्यायचे आणि त्यांना शिकवण्याबद्दल मुख्याध्यापकालाही वेगळे पैसे द्यायचे. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात जे कळलं ते आपल्याला अजून कळायचंय.

आता माझं पण सांगते, नाहीतर म्हणाल बाई दुसऱ्यांनाच झोडपतात.

१९८४ साली सातवीच्या वर्गात माझ्याकडे बासष्ट मुलं होती. एक मुलगी फार हुशार. चार मुली गणितात कच्च्या होत्या, त्या मी तिच्या गळ्यात बांधल्या. जादा तासाला मी वह्या तपासायची आणि ती त्यांच्याकडून व्यवहारी अपूर्णांक करून घ्यायची. चौघी पास झाल्या. तपासणीला आलेल्या साहेबांनी माझी पाठ थोपटली, मीही ती थोपटून घेतली. त्या मुलीची मात्र सातवीची स्कॉलरशिप थोडक्यात हुकली. त्या जादा तासात तिचा अभ्यास घ्यायला हवा होता, मी तिला कामाला लावलं होतं. तिची आई शाळेत आली. भांडायला नाही, हळू आवाजात म्हणाली, "बाई, माझ्या पोरीनं तुमचा वर्ग सांभाळला. तिला कोण सांभाळणार होतं?"

चाळीस वर्षं झाली. परवा पहाटे नात बोलली तेव्हा मला ती आईच उभी दिसली, दारातच, पदर डोक्यावर घेऊन.

म्हणून सांगते, मेंटॉर ठेवायचे तर जरूर ठेवा, पण तिलाही आठवड्यातनं एक तास कुणातरी जाणत्या शिक्षकासमोर बसू द्या. तिच्या डोक्यात साठलेलं कुठे रितं व्हायचं? अहवाल सुपरवायझरनेच वाचावेत, आणि मराठीत लिहिलेला अहवाल मराठीतच वाचावा. बाईचं दुःख मराठीतच होतं ना? रात्री-बेरात्री लागणारा एक नंबर कॉलेजने द्यावा आणि तो उचलणारं माणूस पगारावरचं असावं. आणि ज्या पोराला मेंटॉर व्हायचं नाही त्याला नाही म्हणता यावं. नातीच्या वर्गात एकाने नकार दिला, तर "समाजकार्य कसं करणार मग?" असं त्याला वर्गासमोर ऐकवलं गेलं. सेवाभावाच्या नावाखाली इतकं दडपता येतं, की समोरच्याला राग आला तरी त्याची त्यालाच लाज वाटते. आम्हा शिक्षिकांना जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत हे चांगलं माहीत आहे.

गेल्या आठवड्यात नातीच्या वर्गातल्या अकरा जणांनी मिळून प्राचार्यांना पत्र लिहिलं. नातीने मला आधी वाचायला पाठवलं, "आजी, फक्त शुद्धलेखन बघ हं, सल्ला नको." दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. 'कृपया विचार व्हावा' असं खाली होतं, ते खोडून 'लेखी उत्तर मिळावे' असं केलं. तेवढा सल्ला दिलाच.

मंगळवारी पत्र दिलंय. उत्तर आलं की इथे कळवीन.