रात्रीची लाईट आणि अजिंठ्याची ट्रिप

सुट्टीवरून परत आलं की रूममेट्स एकच प्रश्न विचारतात, "काय मग, घरी मस्त आराम ना?" मी "हो ना" म्हणते आणि चकलीचा डबा पुढे करते. डबा उघडला की प्रश्न बंद होतात, हा माझा तीन वर्षांचा अनुभव आहे.

खरं सांगू? घरी आराम नसतो. घरी प्रेम असतं, ती वेगळी गोष्ट.

माझं गाव धावडा, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. "हे कुठं आलं?" असं विचारणाऱ्यांना मी "अजिंठ्याजवळ" सांगते, मग लगेच चेहरे उजळतात. शाळा मात्र जालन्याला झाली, मामाकडे राहून, कॉन्व्हेंटमध्ये. त्यामुळे कुणी 'एकोणसाठ' म्हटलं की मला अजून मनातल्या मनात बोटं मोजावी लागतात. मॅगझिनच्या मॅडमनी मला इंग्लिश सेक्शनला लिही म्हणून सुचवलं होतं. पण आमचे पप्पा मॅगझिन घरी आलं की मराठी सेक्शन पूर्ण वाचतात, अगदी जाहिरातींसकट. आणि हा लेख त्यांनी वाचावा अशी माझी फार इच्छा आहे. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला.

तर घर. पहिली अडचण रेंज. आमच्याकडे मोबाईलला रेंज मिळते ती गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या डाव्या कोपऱ्यात, टाकीला पाठ लावून बसलं तर. टीमचा फोन आला की मी जिना चढते, आणि खालून आजी विचारते, "कुणाचा गं एवढा फोन?" प्रोजेक्टचा आहे म्हटलं तर तिला वाटतं प्रोजेक्ट हे कुठल्यातरी मुलाचं नाव आहे.

दुसरी अडचण माझी ब्रँच. मी इलेक्ट्रिकलला आहे हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे मी घरी पोचते त्याच्या आधी काकूंचा मिक्सर आमच्या ओट्यावर पोचलेला असतो. "तू इंजिनीअर ना, बघ बरं जरा." मागच्या सुट्टीत दोन मिक्सर, एक इस्त्री आणि देवळाचा भोंगा, एवढं काम मी केलं. तक्रार नाही. तक्रार ही आहे की एवढं करूनही एका यंत्राला मला हात लावू देत नाहीत. शेतातली मोटर.

कारण काय? तर मोटरची लाईट रात्री येते.

शहरातल्या मित्रमैत्रिणींसाठी थोडं सांगते. शेतीपंपाची थ्री फेज लाईट चोवीस तास नसते, पाळीने येते. आमच्याकडे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. या दिवाळीत रात्रीची पाळी होती. गव्हाला पाणी द्यायचं तर रात्री साडेबारा-एकला उठायचं, टॉर्च आणि काठी घ्यायची आणि शेतात जायचं. वाटेत साप, विंचू, रानडुक्कर, आणि चिखलात उभं राहून स्टार्टर दाबायचा. "मग ऑटोस्विच का नाही बसवत?" असं आमच्या वर्गातल्या एका हुशार मुलाने विचारलं होतं. बसवतात ना! मग लाईट आली की सगळ्या शिवारातल्या मोटरी एकाच सेकंदाला सुरू होतात. इंडक्शन मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते हे आपण सेकंड इयरला पाठ केलं आहे. त्या पाठांतराचा अर्थ मला गावात कळला, जेव्हा डीपी जळाली आणि नवी येईपर्यंत सगळे आभाळाकडे बघत बसले. तेव्हापासून पप्पांनी ऑटो काढून टाकला. ते स्वतः जातात. कधी दादा जातो, म्हणजे मोठ्या काकांचा मुलगा.

मी म्हटलं, "मी येते सोबत." पप्पा म्हणाले, "रात्रीचं? तू? झोप."

आता मूळ विषयावर येते. माझ्या बॅगेत एक फॉर्म आहे. डिसेंबर-जानेवारीत पुण्याला चार आठवड्यांचं इन-प्लांट ट्रेनिंग आहे, स्विचगिअरचं. कंपनीने आमच्या वर्गातले सहा जण निवडले, त्यात मी एकटी मुलगी. राहायची सोय वर्किंग वुमेन्स हॉस्टेलमध्ये आहे. फॉर्मवर पालकांची सही लागते. लक्ष्मीपूजनाला मी तो देव्हाऱ्यात वहीखात्याजवळ ठेवला, म्हटलं सगळ्यांचा मूड चांगला असेल. पप्पांनी वाचला, घडी केली, परत दिला आणि एकच वाक्य बोलले. "अजिंठ्याचं विसरली का?"

विसरेन कशी! आमच्या घरात ती ट्रिप म्हणजे आयपीसीचं कलम आहे. मला मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नाला जायचं असलं की लागू. टेक फेस्टला लागू. आता ट्रेनिंगला लागू.

झालं असं. २०२२ ची दिवाळी, मी बारावीला. भाऊबीज झाली आणि दादाच्या डोक्यात आलं की आपण अजिंठा बघायचा. लोक जपानहून येतात आणि आपण पाहिलेला नाही! तो, मी आणि आत्याची मुलगी, असे तिघं. घरी सांगितलं की लेण्या बघून संध्याकाळी परत. सकाळी गाडी धरून अजिंठा गावात उतरलो. सगळे लोक घाट उतरून फर्दापूरकडून जातात. दादा म्हणाला, आपण वरून जाऊ, लेणापूरकडून, व्ह्यू पॉइंटवरून खाली पायऱ्या आहेत. एका रिक्षावाल्याने आम्हाला वर सोडलं.

वरून पहिल्यांदा दिसतं ना, तेव्हा बोलता येत नाही. खाली वाघूर नदी घोड्याच्या नालासारखी वळलेली आणि समोरच्या कड्यात एका रांगेत लेण्या. पाऊस संपून फार दिवस झाले नव्हते, सगळं हिरवं. ह्याच बाजूने १८१९ च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला आला होता आणि त्याला समोर लेणी दिसली. दहाव्या लेण्यात एका खांबावर त्याने आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली आहे. आम्ही ती शोधली. माणसाच्या हाताला येणार नाही एवढ्या उंचीवर आहे, कारण तो आला तेव्हा लेण्यात माती-दगड भरलेले होते आणि तो त्या ढिगावर उभा होता. एवढं जुनं चित्र आणि त्यावर खुशाल सही! आमच्या शाळेत बेंचवर नाव कोरलं की फाईन होता.

पहिल्या लेण्यातला पद्मपाणी अर्थातच बघितला. सतराव्यात आम्ही इतका वेळ होतो की गार्ड दोनदा येऊन बघून गेला. पण मला सगळ्यात आवडलं ते सव्वीसावं लेणं. आत डाव्या भिंतीला बुद्धाची महापरिनिर्वाणाची मूर्ती, आडवी, चोवीसेक फूट लांब. खाली रडणारे शिष्य. आणि बुद्धाचा चेहरा असा, की कुणीतरी दुपारी जेवून शांत झोपलंय. मी तिथं बसून राहिले. आत्याची मुलगी म्हणाली चल, दादा म्हणाला चल, मी म्हटलं पाच मिनिटं. हे पाच मिनिटं मी इथं मुद्दाम कबूल करते आहे, कारण घरी आजपर्यंत केलेलं नाही.

लेणी बंद व्हायच्या वेळेला बाहेर काढलं तेव्हा कळलं की आपल्याला तेवढ्याच पायऱ्या वर चढायच्या आहेत. वर पोचलो तेव्हा सूर्य गेलेला. व्ह्यू पॉइंटवर एक कुत्रं सोडून कुणी नाही. अमावस्या नुकतीच झालेली, चंद्र नावालाच. दादाच्या फोनची बॅटरी संपलेली, माझ्याकडे तेव्हा फोन नव्हता, आत्याच्या मुलीच्या फोनला रेंज नव्हती. आम्ही चालायला लागलो. दोन्ही बाजूला मका आणि कपाशी, आणि मक्यात काहीतरी खसखस वाजलं की आम्ही तिघं एकदम जोरात गप्पा मारायचो, ज्यात काही अर्थ नव्हता. दादा तर परफेक्ट टेन्सचे नियम म्हणत होता. मी घाबरले होते. खूप घाबरले होते. हे पण कबूल.

अजिंठा गावात पोचायला आठ वाजून गेले. धावड्याकडं जाणारं एकही वाहन नाही. चहाच्या टपरीवाल्या मावशींनी आम्हाला बसवून घेतलं, त्यांच्या फोनवरून घरी फोन लावला तर पप्पांचा बिझी. (ते सगळ्या नातेवाईकांना फोन करत होते.) शेवटी मावशींनीच एक पिकअप थांबवला. जळगावकडं हिरवी मिरची टाकून परत निघाला होता, त्यांच्या ओळखीचा. आमच्या भोकरदन तालुक्यात मिरची भरपूर, पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार तर नावाजलेला आहे. आम्ही मागे रिकाम्या बारदानावर बसलो. मिरची गेली तरी तिखट जात नाही हे त्या रात्री समजलं. पूर्ण रस्ता आम्ही शिंकत, खोकत, डोळे पुसत आलो. गल्लीत उतरलो तेव्हा साडेदहा झाले असतील, सगळी गल्ली बाहेर उभी. आमचे लाल डोळे बघून मम्मीला वाटलं आम्ही तासन्‌तास रडतोय. तिने स्वतःच रडायला सुरुवात केली.

दादाला मोठ्या काकांनी एक थोबाडीत दिली. मला कुणी काही बोललं नाही.

आता तीन वर्षांनी बघा. दादा तीच गोष्ट पाहुण्यांना सांगतो. अंधार, मका, पिकअप. त्यात एक बिबट्या पण ॲड झाला आहे, जो मी पाहिलेला नाही. पाहुणे हसतात आणि म्हणतात, भारी पोरगा आहे. त्याची थोबाडीत संपली, हिशोब पूर्ण. तो नंतर गोव्याला जाऊन आला, बाईकवर. मला थोबाडीत मिळाली नाही, त्यामुळे माझा हिशोब अजून चालू आहे! एकच रस्ता, एकच रात्र, एकच बारदान. स्मिथसाहेब भटकला तर इतिहास, दादा भटकला तर किस्सा, मी भटकले तर कलम.

माझं म्हणणं असं नाही की आमची चूक नव्हती. होती. परतीची गाडी किती वाजता आहे हे आम्ही विचारलंच नव्हतं. पण त्या रात्री धोका कशाचा होता? मी मुलगी असण्याचा, की सातनंतर गाडी नसण्याचा, रस्त्यावर दिवा नसण्याचा, तिघांत एक चालू फोन नसण्याचा? गाडी, दिवा, फोन याची सोय करता येते. पहिल्या गोष्टीवर मात्र घरात बसवणं हा एकच उपाय लोकांना सुचतो. आणि जिने आम्हाला बसवून घेतलं, ती मावशी रोज रात्री त्याच अंधारात टपरी चालवते. तिला कुणी विचारत नाही रात्रीचं कशाला म्हणून.

सरकार तरी बरंच काही देतं. खेड्यातल्या मुलींना शाळेला जायला एसटीचा पास फुकट. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट. २०२४ पासून, आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींची इंजिनीअरिंगची फी माफ. म्हणजे तिकीट अर्धं, फी माफ, आणि सही बाकी.

इथं हॉस्टेलवर तरी वेगळं काय आहे म्हणा. आमचं गेट साडेसातला बंद, मुलांचं दहाला. लायब्ररी नऊपर्यंत उघडी असते, पण ती गेटच्या पलीकडे आहे. रेक्टर मॅडम हा लेख वाचतील याची मला कल्पना आहे. मॅडम, लायब्ररी ते गेट अंतर दोनशे मीटर आहे आणि मधले तीन दिवे बंद आहेत. ते बदलायला आम्ही इलेक्ट्रिकलच्या मुली शिडी घेऊन यायला तयार आहोत. साडेसातच्या आत.

आजीची गोष्ट राहिली. दिवाळीत एकदा ती भाकरी थापताना सहज बोलून गेली की लग्नाआधी ती जाळीच्या देवाला बैलगाडीने जायची. रात्री निघायचं, सगळ्या बायका, पहाटे डोंगरात. मी विचारलं, "आजी, रात्री? भीती नाही वाटायची?" ती म्हणाली, "कशाची माय? दहाजणी असायचो." मग माझ्याकडं बघितलं, मी काय विचारणार ते तिला कळलं, आणि तिने भाकरी जरा जास्तच जोरात उलटवली. "तवाचं येगळं होतं."

आणि मम्मी. मम्मीने अजिंठा बघितलेला नाही. बावीस वर्षं झाली लग्नाला, कधी वेळच नाही. परवा भांडी घासताना तिने हळूच विचारलं, "ती झोपलेली मूर्ती खरंच एवढी मोठी आहे का गं?" मी ओट्यापासून दारापर्यंत हात करून दाखवलं. म्हटलं ह्याच्या पण पुढे. ती दारापर्यंत बघत राहिली.

मी परत निघायच्या आदल्या रात्री एक वाजता पप्पा उठले. जाऊन आले, लगेच परत आले. मोटर धरत नव्हती. स्टार्टर दाबला की चालू, हात काढला की बंद. दादा लग्नाला गेलेला. पप्पा ओसरीत उभे राहिले, टॉर्च चालू-बंद करत. मी जागीच होते. मी म्हटलं, "नो-व्होल्ट कॉईलचा प्रॉब्लेम असेल. नाहीतर वायर लूज."

पप्पा काही बोलले नाहीत. काठी माझ्या हातात दिली आणि पुढे चालायला लागले.

वायरच लूज होती. मेन स्विच बंद केला, पप्पांनी टॉर्च धरला, मी स्क्रू आवळला. स्टार्टर दाबून हात काढला तर मोटर चालूच. पाईपातून आधी हवा आली, मग पाणी. आम्ही बांधावर बसलो, पाणी पहिल्या वाफ्यात शिरेपर्यंत. थंडी खूप होती. बऱ्याच वेळाने पप्पा म्हणाले, "पुण्याला गाडी किती वाजता पोचते?"

मी सांगितलं, सकाळची धरली तर संध्याकाळच्या आत.

"आणि स्टँडवरून हॉस्टेल?"

ते मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, विचारून सांगते.

फॉर्मची शेवटची तारीख वीस आहे. काल मी हॉस्टेलला फोन करून विचारून घेतलं आहे: बस नंबर, स्टॉप, चालत किती मिनिटं, गेट किती वाजता बंद होतं, सगळं. आज संध्याकाळी घरी फोन लावणार आहे. पप्पांना गच्चीवर, टाकीच्या डाव्या कोपऱ्यात बसायला सांगितलं आहे.