बाबागाडी घेऊन धावणारी आई

मूल झालेल्या बाईने धावावे, आणि तेही बाळाला बाबागाडीत घालून, हे ऐकले की आमच्या बेळगावच्या वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. "लेकराला हिसके बसतील गं!" ही काळजी खोटी नाही. बाळाची मान नीट धरेपर्यंत थांबलेच पाहिजे. डॉक्टर साधारण सहा ते आठ महिने थांबायला सांगतात. शिवाय घरातल्या चिमुकल्या चाकांच्या बाबागाडीचे हे कामच नव्हे. धावण्याची गाडी निराळी: तीन मोठी, हवा भरलेली चाके, पळताना पुढचे चाक सरळ पक्के केलेले, बाळाला खांद्या-कमरेवरून पट्टे, आणि गाडी निसटू नये म्हणून धावणाऱ्याच्या मनगटालाही एक पट्टा.

अशी गाडी १९८४ साली अमेरिकेत फिल बेकलर यांनी सायकलची चाके लावून बनवली. ते बाप होते. मुलाला सोबत घेऊन त्यांना धावायचे होते. (आपल्या 'बाबागाडी'तला बाबा म्हणजे मूल, हे ठाऊक असूनही मला इथे हसू येते.) बाप धावला की कौतुक, आई धावली की "घरी कोणी नाही का?" हा न्याय मला पटत नाही.

खरी अडचण वाटेची आहे. कॅम्पातल्या झाडांखालच्या रस्त्यांवर पहाटे जमेल, गल्लीतल्या खड्ड्यांत नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे: आपल्या कॉलेजचे मैदान सकाळी तासभर अशा आयांना मोकळे करावे. मात्र फाटक पुरते उघडावे लागेल. सध्या तिथून माणूससुद्धा आडवा होऊन आत शिरतो.