पार्सल पॅकिंगच्या टेबलावर चुकत नाही

आज रील, जाहिरात, फॉलोअर्स यातलं काहीच नाही. आज चुकीच्या पार्सलबद्दल बोलायचंय. मागवलं एक आणि डब्यात निघालं दुसरंच, त्याबद्दल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. छोट्या विक्रेत्याचं पार्सल पॅकिंगच्या टेबलावर चुकत नाही, ते मालाला नाव देताना चुकतं. आणि नाव मालक देतो, पॅकिंग करणारी पोरगी नाही. त्यामुळे चूक झाली की तिच्यावर ओरडून काही होत नाही. पुढच्या आठवड्यात तीच चूक पुन्हा होते, फक्त ती घाबरून सांगत नाही.

समजा तुम्ही रनाळ्यात घरून मिरची पावडर विकताय. एका बाजूला नंदुरबारचा मिरची बाजार, दुसऱ्या बाजूला दोंडाईचा. पथारीवरची वाळलेली मिरची डोळ्यांनी बघून घेता येते, म्हणजे मालाची काळजी नाही. पुण्याहून एक ताई व्हॉट्सअ‍ॅपवर लिहितात, "दादा, मागच्या वेळचं तिखट पाठवा, अर्धा किलो." आता हे तिखट म्हणजे नुसती मिरची पावडर, की तुमच्याकडची झणझणीतवाली? मराठीत दोन्हीला एकच शब्द. तुमच्या यादीत "तिखट", "मध्यम" आणि "घरगुती तिखट" अशी तीन नावं असतील, तर पॅक करणाऱ्याने अंदाज करायचा. अंदाज तीनदा बरोबर येतो, चौथ्यांदा ताईंच्या घरातली पोरं जेवताना रडतात.

आता हिशोब बघा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे टाकून बघा. पाकिटाला खर्च १२० रुपये, कुरिअर ७०, सगळं जाऊन उरतात ४०. चूक झाली की नवं पाकीट आणि नवं कुरिअर, म्हणजे १९० गेले. चुकीचं पाकीट परत मागवलं तर आणखी ७०. झाले २६०, म्हणजे साडेसहा पाकिटांचा नफा. आणि परत आलेलं, उघडलेलं खाद्यपदार्थाचं पाकीट पुन्हा विकता येत नाही. म्हणून मी म्हणतो, ते परत मागवूच नका. "ते राहू द्या ताई, बरोबरचं आजच पाठवतो" एवढं म्हणा आणि खरंच त्याच दिवशी पाठवा.

दुकानात "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी लावायची आपल्याला सवय आहे. ऑनलाइनला ती चालत नाही. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० साली आले. जाहिरातीत किंवा बोलण्यात ठरला तसा माल निघाला नाही, तर परत घ्यायला नकार देता येत नाही.

नावांचा हा गोंधळ काही नवा नाही. पोस्ट खात्याचीही हीच डोकेदुखी होती. एकाच नावाची अनेक गावं, अनेक भाषा, न लागणारं अक्षर. आपल्याच गावाचं बघा, कोणी रनाळे लिहितं, कोणी रनाळा. त्यावर श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यांनी (संस्कृतचे कवीही होते बरं का) सहा आकडी पिन कोडची पद्धत तयार केली. १५ ऑगस्ट १९७२ ला ती सुरू झाली. पोस्टमनला "नीट वाच" असं सांगून भागणार नव्हतं, म्हणून पत्त्याला आकडा दिला.

मुंबईच्या डबेवाल्यांचंही तेच. सिक्स सिग्माच्या गोष्टी तुम्ही शंभर वेळा ऐकल्या असतील, त्या सोडा. डब्याच्या झाकणाकडे बघा. मधे मोठा आकडा, डबा कुठल्या भागात उतरवायचा त्याचा. बाजूला निघायच्या स्टेशनची खूण, इमारतीची खूण, मजला. रंग वेगळे. ग्राहकाचं नाव नाही, कारण डबा वाटेत बरेच हात बदलतो आणि त्या प्रत्येक हाताला नाव माहीत असायची गरज नाही.

हेच तुमच्या फळीवर आणा. जातीला रंग, वजनाला आकडा. लवंगीच्या पाकिटाला लाल पट्टी, ब्याडगीला पिवळी. पाव किलोला १, अर्ध्याला २. नुसते आकडे वापरू नका, १२ आणि २१ दमलेल्या डोळ्याला सारखेच दिसतात. पेजवर, पाकिटावर आणि फळीवर खूण एकच हवी. ताईंनी "मागच्या वेळचं" लिहिलं की उत्तर द्यायचं: "लाल २, म्हणजे लवंगी अर्धा किलो, बरोबर?" त्यांचा "हो" आला की मगच ती ऑर्डर.

वजनकाट्यावर फार विसंबू नका. दोनऐवजी एक पाकीट गेलं तर काटा सांगेल. लवंगीच्या जागी ब्याडगी गेली तर वजन सारखंच भरतं. आणखी एक चूक मला फार ठिकाणी दिसते: चार डबे उघडे, चार लेबलं शेजारी, मग सगळ्यांवर टेप. लेबलांची अदलाबदल झाली की एका झटक्यात दोन ग्राहक नाराज. टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा ठेवा. ज्याने भरलं त्याने तपासू नये, दुसऱ्याने चिठ्ठी मोठ्याने वाचावी. घरात एकटेच असाल तर उघड्या डब्याचा चिठ्ठीसकट फोटो काढून ग्राहकाला पाठवा. फोटो काढताना स्वतःलाच चूक दिसते, आणि पुढे वाद झाला तर पुरावा राहतो.

"सर, दिवसाला सात-आठ ऑर्डर, एवढं कशाला?" हो, सात-आठ लक्षात राहतात. पण एप्रिल-मेमध्ये वर्षाचा मसाला करायची घाई सुरू होते, तेव्हा नवी पद्धत शिकवायला वेळ कोणाकडे असतो? आत्ता करा. सॉफ्टवेअर आत्ता नकोच, आधी नावं सुधारा. चुकीची नावं सॉफ्टवेअरमध्ये घातली तर चूक फक्त छापील होते.

एक वही करा. तारीख, काय मागवलं, काय गेलं, कुठल्या शब्दामुळे घोळ झाला. "कोणामुळे" हा रकाना ठेवू नका. महिन्याअखेरीला जो शब्द दोनदा आला असेल, तो पाकिटावरून, यादीतून आणि पेजवरून काढून टाका.