हिंदी सिनेमातलं मराठीपण

हॉलिवूडच्या काही जुन्या पिक्चरमध्ये अमेरिका शोधून सापडत नाही. हिचकॉकचा 'रेबेका' (१९४०) घ्या. पैसा अमेरिकन, ऑस्करही मिळालं. पण कादंबरी इंग्लंडची, दिग्दर्शक आणि हीरोही तिथलेच. म्हणून सगळा मामला ब्रिटिश वाटतो.

तसेच काही हिंदी सिनेमे पक्के मराठी वाटतात. का? मला विचाराल तर मराठीपण कपड्यात किंवा डायलॉगमध्ये नसतं, ते लिहिणाऱ्याकडून येतं.

दोन इन्स्पेक्टर शेजारी उभे करून बघा. 'सिंघम' (२०११) : नाव बाजीराव, तोंडात मराठी, पण सांगाडा २०१०च्या तमिळ 'सिंगम'चा. पिक्चर मस्तच आहे, शिट्ट्या आम्हीही मारल्या. पण बाजीरावच्या जागी कुठल्याही राज्यातला इन्स्पेक्टर चालला असता.

आता 'अर्धसत्य' (१९८३). ओम पुरी पंजाबी, गोविंद निहलानी जन्माने कराचीचे. तरी अनंत वेलणकर शंभर टक्के आपला वाटतो, कारण कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा तेंडुलकरांची. पोलीस बापाच्या धाकाने खाकी चढवलेला, आतल्या आत धुमसणारा पोरगा. आणि समोर रामा शेट्टी म्हणजे आमच्या नगरचे (आता अहिल्यानगर) सदाशिव अमरापूरकर! फार आरडाओरडा न करता माणूस घाबरवतो. ही मराठी रंगभूमीची तालीम.

बासू चटर्जी बंगाली, पण त्यांचा 'पिया का घर' (१९७२) आला राजा ठाकुरांच्या 'मुंबईचा जावई' (१९७०) वरून. नव्या जोडप्याला घरात दोन मिनिटं एकांत नाही, यातून विनोदही आणि कळही.

आणि सई परांजपेंचा 'कथा' (१९८३). मूळ नाटक शं. गो. साठे यांचं 'ससा आणि कासव'. नसीरुद्दीनचा राजाराम जोशी सरळमार्गी, पापभीरू. आमच्या संगमनेरच्या अनंत फंदींनी फटक्यातून सरळ वाटेने जायचा उपदेश केला. तो पाळणाऱ्याचं पुढे काय होतं, ते 'कथा' दाखवतो. कासव जिंकतं खरं, पण ससा पळून गेल्यावर. हसता हसता घशाशी येणारी ही कडवट चव मला अस्सल मराठी वाटते.

ऑफिसातल्या अमराठी मित्रांना हिंदी पडद्यावरचा मराठी माणूस म्हणजे हवालदार नाहीतर कामवाली बाई, एवढाच माहीत. आपण त्यावर चिडतो, आणि हीरोला मराठी आडनाव मिळालं की लगेच खूश होतो. अहो, आडनाव फुकट मिळतं! कथेचे हक्क विकत घ्यावे लागतात, लेखकाला पैसे मोजावे लागतात. मान मागायचाच तर तिथे मागूया.

असो. या वीकेंडला त्या मित्रांना 'कथा' दाखवा. मराठी आहे हे सांगू नका, त्यांचं त्यांना कळतं का बघा.