मैदानाबाहेरचा हिशेब

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. डोळे साऱ्यांचेच पाणावले. पण संपादकाला पाण्यामागचा हिशेबही पाहावा लागतो.

हेच मैदान २००८ साली पहिल्या आयपीएलच्या अंतिम सामन्याचे यजमान होते. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगचा पहिला चेंडूही इथेच पडला. त्या लीगचे पाच संघ सुमारे ४,६७० कोटी रुपयांना विकले गेले, तर पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ९५१ कोटींना. महिलांच्या खेळाला प्रेक्षक नाहीत, हे जुने पालुपद बाजारानेच खोटे ठरवले.

क्रिकेटमधला हा पैसा आता समुद्रापलीकडेही पोहोचला आहे. २०२३ साली सुरू झालेल्या दक्षिण आफ्रिकेच्या एसए-२० लीगमधले सहाही संघ आयपीएलच्या मालकांनी घेतले. केपटाऊनचा संघ तर मुंबईच्या रिलायन्सचा. तिथल्या खेळाडूंना रोजगार मिळाला, हे खरेच. पण मालकी परक्या हाती असेल, तर नफ्याचा किती वाटा तिथल्या मातीत मुरेल, हा प्रश्न उरतोच.

तोच प्रश्न आपल्या अंगणातही विचारायला हवा. झगमगते स्टेडियम हा खेळाच्या धंद्याचा कळस. पाया मात्र शाळेच्या मैदानात आणि वस्त्यावस्त्यांतल्या मोकळ्या भूखंडांवर असतो. कळसाचे कौतुक जरूर करू या. पण पायाचे भूखंड विकले जात असतील, तर गप्प बसू नका.