मुक्तिबोधांना हुतात्मा करू नका

गजानन माधव मुक्तिबोधांचं नाव निघालं की ठरलेली कहाणी सुरू होते: गरिबी, बिड्या, आजार आणि ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा पहिला कवितासंग्रह हाती पडण्याआधीच ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत मृत्यू. तात्पर्य असं की हिंदीने त्यांना जिवंतपणी विचारलं नाही, मरणाने मोठं केलं. त्यावर आपली हळहळ वेगळी: घरात मराठी बोलणारा हा कवी मराठीत लिहिता तर!

कहाणीतले तपशील खरे आहेत, तात्पर्य मात्र टिकत नाही. अज्ञेयांनी संपादित केलेल्या ‘तार सप्तक’ या कवितासंकलनात मुक्तिबोध १९४३ सालीच होते. १९६१मध्ये त्यांनी प्रसादांच्या ‘कामायनी’ या महाकाव्याची पुस्तकभर झाडाझडती घेतली. पुढच्याच वर्षी त्यांच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश सरकारने बंदी घातली. ज्याची कुणी दखलच घेत नाही, त्याच्या पुस्तकाची सरकारला एवढी धास्ती कशाला?

मग संग्रह का रखडला? हलाखी होतीच, पण तेवढंच कारण नव्हतं. ‘तीसरा क्षण’ या लेखात त्यांनी कवितेची घडण उलगडली आहे. पहिल्या क्षणी उत्कट अनुभव येतो. दुसऱ्या क्षणी तो आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि त्याची फँटसी होते. तिसऱ्या क्षणी ती शब्दांत उतरू लागते आणि उतरता उतरता बदलते. असं मानणारा माणूस कविता हातावेगळी करायची घाई कशी करेल? ‘अँधेरे में’सारखी दीर्घ कविता त्यांनी वर्षानुवर्षं घासूनपुसून लिहिली. या चिकाटीला निव्वळ उपेक्षा म्हणणं म्हणजे त्यांच्या कष्टांवर पाणी ओतणं.

मराठी हळहळीलाही आधार नाही. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. त्यांचा ‘नवी मळवाट’ हा कवितासंग्रह १९४९चा. एकाच घरातल्या दोघांनी दोन भाषा निवडल्या, यात कुणी कुणाला गमावलं नाही. गजाननरावांनी तर नागपुरात राहूनही ‘नया ख़ून’ या हिंदी साप्ताहिकात लिहिलं आणि १९५८पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात हिंदी शिकवली. हिंदी हीच त्यांची कर्मभूमी होती, आणि ती त्यांनी जाणूनबुजून पत्करली होती.

हुतात्म्यापुढे आपण हात जोडतो आणि मोकळे होतो. त्याच्याशी वाद घालत नाही. मुक्तिबोधांना वादच हवा होता. त्यांची समीक्षा वाचावी, न पटेल तिथे त्यांच्याशी भांडावं. त्यांचा खरा मान त्यातच आहे.